मेहरूणवर पळणारे गेले कुठे?

नितीन (बी विंग): दिवाळीनंतर आठ-दहा जण मेहरूण तलावावर पळायला यायचे. आज मी एकटाच. काय झालं भो सगळ्यांना?

योगेश: २१ दिवसांत सवय लागते म्हणे. मी महिनाभर आलो, तरी गजर वाजला की जिवावर येतं. आपल्यात जिद्दच नाही भाऊ.

वैशालीताई (मानसशास्त्रवाल्या): २१ चं काही खरं नाही. लंडनमध्ये फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी ९६ जणांवर अभ्यास केला, २०१० मध्ये छापून आला. सवय अंगवळणी पडायला मधला आकडा ६६ दिवस निघाला. कुणाला १८, तर कुणाला अंदाजे २५४. पाणी पिण्यासारख्या सवयीपेक्षा व्यायामाला जास्त वेळ लागला. तुम्ही मुरायच्या आधीच उठलात, योगेशभाऊ.

योगेश: भुसावळच्या लग्नामुळे एक दिवस बुडाला. म्हटलं, मोडलंच आहे तर आता एक तारखेपासून नव्याने करू.

वैशालीताई: एखादा दिवस बुडाल्याने त्या अभ्यासात फारसा फरक पडला नव्हता. एक तारखेची वाट बघणंच नडतं.

सुरेखाकाकू: ह्यांना उठवायचं काम माझ्याकडे असतं. त्याचं काय मानसशास्त्र ते सांगा आधी 😄

नाना पाटील: एप्रिल-मेमध्ये ४५ डिग्री. सात वाजता निघालं तर पळणं नाही, भाजणं होतं.

वैशालीताई: नाना, म्हणूनच वेळ घड्याळावर नको, एखाद्या गोष्टीला बांधा. ‘दूधवाला बेल वाजवून गेला की बूट घालायचे’, एवढंच ठरवा. मानसशास्त्रज्ञ पीटर गोलविट्झर यांनी १९९९ मध्ये हेच मांडलं: अमुक झालं की तमुक करायचं, असं आधीच ठरलेलं असलं की पहाटे मनाशी वाद घालत बसावं लागत नाही. काकूही सुटतील.

मनीषा (ए विंग): खरं सांगू? मी वेगळ्याच कारणाने सोडलं. ग्रुपवर रोज कुणीतरी ॲपचा फोटो टाकायचं, इतके किलोमीटर, इतक्या मिनिटांत. त्या नादात मी धापा टाकत पळायचे. घरी आल्यावर दुसऱ्या दिवशी जायची इच्छाच उरायची नाही.

नितीन: फोटो मीच टाकायचो ताई 🙏

वैशालीताई: मनीषा, मला हेच मोठं कारण वाटतं. झेपण्यापलीकडे पळताना बहुतेकांना त्रासच होतो, आणि मन तोच त्रास लक्षात ठेवतं. गप्पा मारता येतील एवढ्याच वेगाने पळा, मध्ये चाललात तरी चालेल.

नाना पाटील: गप्पा मारायच्या असतील तर मी येतो.

सुरेखाकाकू: ह्यांचे बूट मी आत्ताच दारात काढून ठेवलेत. दूधवाल्याला सांगा, बेल दोनदा वाजव.