‘सिरीज’ला काय म्हणायचं: पर्व, हंगाम की मालिकाच?

मुळाक्षर
आमच्या वाचनालयाच्या त्रैमासिकासाठी ‘पाहाव्यात अशा ब्रिटिश मालिका’ म्हणून टिपण लिहिलंय. त्यात एक वाक्य होतं : ‘फॉल्टी टॉवर्सच्या दोनच मालिका झाल्या, १९७५ आणि १९७९ मध्ये, आणि दोन्ही मिळून भाग अवघे १२.’ संपादकबाईंचा फोन आला, “दुसऱ्या मालिकेचं नाव लिहायचं राहिलंय.” नाव तेच आहे म्हटल्यावर त्यांनी ‘मालिका’ खोडून ‘पर्व’ केलं. मग मुद्रितं तपासणाऱ्या गृहस्थांनी ‘पर्व’ खोडून ‘हंगाम’. अमेरिकन लोक ज्याला सीझन म्हणतात त्याला ब्रिटिश सिरीज म्हणतात, आणि अख्ख्या कार्यक्रमालाही सिरीजच. आपण सगळ्यालाच मालिका म्हणून मोकळे. तुम्ही काय लिहाल? अंक आठवड्यात छापायला जातोय.

बोरूबहाद्दर
पर्व. यात चर्चा कसली? महाभारताला अठरा पर्वं चालतात, तर फॉल्टी टॉवर्समधल्या हॉटेलवाल्या बेसिल फॉल्टीला दोन का चालू नयेत? संस्कृतात पर्वन् म्हणजे वेताचा, बांबूचा सांधा. उसाचं ‘पेर’ त्याच घरातलं. इतका नेमका शब्द घरात असताना फारसीच्या दारात हंगाम मागायला कशाला जायचं?

गुळांबा
बोरूबहाद्दर, तुमच्या बोरूला लागते ती शाईही फारसीच. कागदही. बोला.
हंगाम चांगला रुळलेला शब्द आहे. साखर कारखान्याचा गळीत हंगाम, रणजीचा हंगाम, आयपीएलचा हंगाम. कुणालाही समजावून सांगावा लागत नाही. ‘पर्व’ ऐकलं की मला गाण्याच्या स्पर्धेची जाहिरात आठवते : ‘नवे पर्व, नवे सूर’ छाप.

बोरूबहाद्दर
हंगाम ठरल्या वेळी येतो. फॉल्टी टॉवर्सचा दुसरा चार वर्षांनी आला. ‘हॅपी व्हॅली’ २०१४, २०१६ आणि मग थेट २०२३. असले हंगाम यायला लागले तर कारखाने बंद पडतील. शिवाय ‘हंगामी’चा अर्थ तात्पुरता. हंगामी कर्मचारी, हंगामी अध्यक्ष. ‘हंगामी मालिका’ म्हटलं तर काय समजायचं?

लेस्टरकर
इथली बातमी देतो. इकडे इंग्लंडात सिरीज वन, सिरीज टू असंच म्हणत आले, पण नेटफ्लिक्सवर वाढलेली पोरं सर्रास सीझन म्हणतात. माझी मुलगी ‘सीझन’ म्हणाली की शेजारचे आजोबा कुंपणापलीकडून दुरुस्त करतात. तेव्हा शुद्धलेखनाचा मक्ता एकट्या मराठी माणसाकडे आहे असं समजू नका.
आजोबांचा दुसरा हट्ट असा की ‘सिरीज’ आणि ‘सिरीयल’ वेगळं. एकच गोष्ट भागाभागांतून पुढे जाते ती सिरीयल, म्हणजे ‘द ज्वेल इन द क्राउन’, १९८४, १४ भाग. दर भागात गोष्ट आटोपते ती सिरीज, म्हणजे मंत्री आणि त्याच्या सचिवांवरची विनोदी ‘येस मिनिस्टर’. आपण १९८४ ला दूरदर्शनवर ‘हम लोग’ पाहिलं, ‘सिरीयल’ शब्द उचलला आणि सगळ्यांना चिकटवला.

नदीकाठ
मला वाटतं, भांडण चुकीच्या शब्दावर चाललंय. खरी गोची ‘मालिका’ची आहे. सासूबाई मंत्रालयातून निवृत्त झाल्या. त्यांना म्हटलं, एक मालिका आहे, तुम्हाला आवडेल. “नको गं, एक सुरू केली की पुढची पाच वर्षं जेवणाची वेळ तिच्या हातात.” मराठीत मालिका म्हणजे न संपणारं काहीतरी. ‘येस मिनिस्टर’ आणि ‘येस प्राइम मिनिस्टर’ दोन्ही मिळून ३८ भागांत संपतं, लिहिलंय दोनच माणसांनी, अँटनी जे आणि जोनाथन लिन. हे सांगितल्यावर म्हणाल्या, “मग ती मालिका नव्हे.” मग काय, ते त्यांनाही सांगता येईना.
शेवटी न विचारता त्यातला रुग्णालयाचा भाग लावला. नवंकोरं रुग्णालय, कर्मचारी ५००, पेशंट एकही नाही. मंत्री हादरलेला, आणि तिथली बाई अभिमानाने दाखवतेय की सगळं कसं सुरळीत चाललंय, स्वच्छतेच्या पुरस्काराच्या शर्यतीतही आहोत. सासूबाई हसल्या नाहीत. “यांना मंजूर पदं भरायची असणार, बरोबर आहे,” एवढंच म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी आपणहून पुढचा भाग मागितला.

चाफेकळी
नदीकाठ, सासूबाईंना साष्टांग. २००१ ला ‘जी मंत्रीजी’ म्हणून हिंदी अवतार आला होता. फारूख शेख मंत्री. माणूस गोड, पण मूळची धार नव्हती.
यावरून माझी अडचण सांगते. असल्या विनोदाला मी एकदा ‘कोरडा विनोद’ लिहिलं. लगेच एकाने सुनावलं की कोरडा म्हणजे रस नसलेला, ही शिफारस आहे की तक्रार? मग म्हणायचं काय?

गुळांबा
मख्ख विनोद.

बोरूबहाद्दर
मख्ख चेहरा असतो. विनोद मख्ख कसा असेल?

गुळांबा
खमंग चिवडा असतो, मग खमंग विनोद कसा चालतो?

लेस्टरकर
पण सगळ्या ब्रिटिश विनोदाला एक शब्द नकोच. ‘येस मिनिस्टर’मधला सचिव सर हम्फ्री मख्ख आहे, मान्य. बेसिल फॉल्टीचा मात्र पहिल्या पाच मिनिटांत तोल जातो. आणि ‘कीपिंग अप अपिअरन्सेस’मधली हायसिंथ? आडनाव ‘बकेट’, पण बाई ठासून ‘बुके’ म्हणते, फोन उचलतानासुद्धा. पॅट्रिशिया रूटलेजने तो तोरा असा काही उभा केलाय की फोनवरचा माणूस न दिसताही त्याची कीव येते. याला मख्ख म्हणणार?

चाफेकळी
तिला आमच्याकडे ‘नाकाने कांदे सोलणारी’ म्हणतात. पण ते माणसाचं वर्णन झालं, विनोदाचं नाही. ‘तिरकस’, ‘खवचट’ वापरून पाहिले. खवचटपणा बोलणाऱ्याला माहीत असतो, हायसिंथला काहीच माहीत नसतं.

मुळाक्षर
मंडळी, पर्व की हंगाम?

पाटकरी
‘आवर्तन’ घ्या. कालव्याला पाणी सोडतात त्याला आमच्याकडे आवर्तन म्हणतात. पहिलं आवर्तन, दुसरं आवर्तन. धरणात साठा असेल तर पुढचं मिळतं, नसेल तर नाही. लेखकाचंही तसंच.

बोरूबहाद्दर
शब्द सुंदर आहे, पण आवर्तनात तेच पुन्हा येतं. ‘ब्लॅकॲडर’ला कसं लावाल? १९८३ ते १९८९ चार वेळा आला, दर वेळी निराळ्या शतकात. आधी मध्ययुग, मग पहिली एलिझाबेथ, मग रीजन्सी, म्हणजे राजाच्या वतीने युवराज कारभार पाहायचा तो काळ, शेवटी पहिल्या महायुद्धातले खंदक. हीच खरी पर्वं. पहिल्यापासून क्रमाने पाहा असं मी सगळ्यांना सांगतो.

लेस्टरकर
कृपा करून असं सांगू नका! पहिली सिरीज पाहून निम्मे लोक सोडून देतात. त्यातला ब्लॅकॲडर बावळट आहे. दुसरीपासून तो धूर्त आणि त्याचा नोकर बाल्ड्रिक बावळट झाला, तेव्हा कुठे गाडी रुळावर आली. दुसरी, तिसरी, चौथी पाहा, आणि जीव जडलाच तर मागे जाऊन पहिली.

बोरूबहाद्दर
आदिपर्व सोडून महाभारत वाचता का?

गुळांबा
सगळे सोडतात. थेट द्यूतावर येतात.

नदीकाठ
सासूबाईंना आता ‘हॅपी व्हॅली’ लावून द्यायचा विचार आहे. नाव छान आहे. विनोदी आहे ना?

लेस्टरकर
थांबा! नावावर जाऊ नका. यॉर्कशरमधली पोलीस सार्जंट, अमली पदार्थ, अपहरण, बरंच रक्त. सुरुवातच अशी की मुलांच्या बागेत एक तरुण अंगावर पेट्रोल ओतून उभा आहे, आणि ही कॅथरीन त्याच्याशी बोलायला जाते. बोलते काय, तर वय ४७, घटस्फोट झालाय, बहिणीचं हेरॉइन सुटलंय आणि ती माझ्याकडेच राहते, दोन मुलं, त्यातलं एक गेलं, दुसरं बोलत नाही. ओळख करून दिल्यासारखं. कॅथरीन झालेल्या साराह लँकेशायरच्या चेहऱ्यावर रेषा हलत नाही.

गुळांबा
मख्ख.

चाफेकळी
हे मख्ख नाही हो. पण विनोद आहे का, याचा मला अजून उलगडा झालेला नाही. मी त्या प्रसंगाला हसले होते आणि नंतर कसंसंच झालं.

लेस्टरकर
तिसऱ्या सिरीजआधी सात वर्षं का थांबले तेही सांगतो. कॅथरीनच्या नातवाचं काम करणारा मुलगा मोठा व्हायला हवा होता, त्याला स्वतःचे निर्णय घेता येतील इतका. लेखिका सॅली वेनराइट खरोखरच थांबली. आपल्याकडे मुलाला एका भागात मोठं करतात, नट बदलून.

पाटकरी
‘डिटेक्टरिस्ट्स’ कोणी पाहिलंय का? दोन माणसं, शेत, हातात धातुशोधक यंत्र. हाताला लागतात पेयांच्या डब्यांच्या ओढायच्या कड्या नाहीतर बटणं. काही म्हणजे काही घडत नाही आणि उठवत नाही. २०१४, १५, १७ ला आलं, मग २०२२ ला एकच मोठा भाग. त्या एकट्या भागाला काय म्हणायचं? तिकडे स्पेशल म्हणतात.

बोरूबहाद्दर
विशेषांक.

गुळांबा
अंक मासिकाचा नाहीतर नाटकाचा. ‘जोडभाग’ म्हणा.

चाफेकळी
जोडभाग ऐकून नाताळच्या वेळी कुणी टीव्ही लावेल का? नाताळात येणाऱ्याला ‘पुरवणी’ बरी.

बोरूबहाद्दर
पुरवणी परीक्षेतली. नापास झाल्यासारखं वाटतं.