२० मिमी मॅन्युअल लेन्स: परत करायच्या मुदतीत काय तपासावं, आणि रिंगमधला प्ले (सैलपणा) किती चालवून घ्यावा?

(मंचावरची चर्चा; प्रत्येक भागावर लिहिणाऱ्याचं टोपणनाव)

रुंदकोन (प्रश्न)

फुल-फ्रेम मिररलेस बॉडी, २४ मेगापिक्सेल. लेन्स २० मिमी एफ/१.८, बॉडीच्याच माउंटची, पूर्ण मॅन्युअल: मेकॅनिकल हेलिकॉइड (रिंग फिरवली की काच पुढे-मागे नेणारे आटे), इलेक्ट्रॉनिक संपर्क नाहीत. किमान अंतर ०.२५ मीटर, तिथून इन्फिनिटीपर्यंत रिंग साधारण १२० अंश फिरते. रिंगचा व्यास ६४ मिमी.

खटकणाऱ्या गोष्टी तीन. एक, १ मीटरच्या पुढे रिंगला जागाच उरत नाही. ३ मीटर आणि इन्फिनिटी या खुणा एकमेकींना चिकटल्यासारख्या आहेत. दोन, दिशा उलटवली की रिंग किंचित फिरते, मॅग्निफाय केलेल्या चित्रात काहीच हलत नाही, आणि मग एकदम पकड येते. तीन, एफ/१.८ ला वरचा उजवा कोपरा बाकीच्या तिघांपेक्षा सॉफ्ट दिसतो. पण हे विटांच्या भिंतीवर पाहिलंय, त्यामुळे कॅमेरा तिरका होता की लेन्स, सांगता येत नाही. फोकस पीकिंग (शार्प कडा रंगवून दाखवणारी सोय) लावलं तर अर्धी फ्रेम चमकते, त्यातून काही कळत नाही.

यातलं स्वाभाविक काय आणि दोष कोणता? चाचणीची नीट पद्धत हवी आहे.

हेलिकॉइड

पहिल्या मुद्द्यात दोष नाही, भूमितीच तशी आहे. इन्फिनिटीवरून जवळच्या वस्तूवर यायला काचेचा गट पुढे सरकतो तो अंदाजे फोकल लेंग्थचा वर्ग भागिले (वस्तूचं अंतर वजा फोकल लेंग्थ) इतका. २० मिमीला हे असं पडतं:

३ मीटर: ०.१३ मिमी
१ मीटर: ०.४१ मिमी
०.२५ मीटर: १.७४ मिमी

सगळा प्रवास पावणेदोन मिलिमीटरचा आणि त्याला १२० अंश. म्हणजे १ मीटर ते इन्फिनिटीच्या वाट्याला २८ अंश, ३ मीटर ते इन्फिनिटीला जेमतेम ९. तुमच्या रिंगचा परिघ २०१ मिमी, तेव्हा ते ९ अंश म्हणजे ५ मिमी. आत फ्लोटिंग गट (फोकस करताना वेगळा सरकणारा काचेचा गट) असेल तर आकडे थोडे सरकतील, शिवाय लेन्सवरचं अंतर सेन्सरपासून मोजलेलं असतं. पण प्रमाण फारसं बदलत नाही.

आता सेन्सरच्या बाजूची सवलत बघा. २४ मेगापिक्सेलला पिक्सेल ६ मायक्रॉनचा, तेव्हा अस्पष्टतेचं वर्तुळ (ठिपका एवढा पसरला तरी शार्प मानायचा ती मर्यादा) ०.०१५ मिमी धरू, म्हणजे अडीच पिक्सेल. या हिशेबाने एफ/१.८ ला दोन्ही बाजूंना ०.०२७ मिमी सूट मिळते. रिंगवर ती १.९ अंश, म्हणजे इकडे १ मिमी आणि तिकडे १ मिमी. एफ/८ ला हीच सूट सव्वाआठ अंश होते, त्यामुळे ३ मीटरच्या पुढे रिंग कुठेही असली तरी फारसं बिघडत नाही. वाइड लेन्सला ‘फोकस सोपा’ म्हणतात ते एफ/८ पुरतं. उघड्या अॅपर्चरला मिलिमीटरचाच हिशेब असतो, आणि रिंगची जात तिथेच कळते.

प्ले दोन प्रकारचा असतो आणि दोघांची गल्लत करू नये. रबरी रिंग आणि हेलिकॉइड यांना जोडणारी चावी सैल असेल तर रिंग थोडी रिकामी फिरते, काच मात्र जागेवर घट्ट असते. हा बॅकलॅश, त्रासदायक पण निरुपद्रवी. दुसरा प्रकार हेलिकॉइडच्या आट्यांमधलाच. त्यात काचेचा गट डुलतो, दिशा बदलताना किंचित कलतो आणि फ्रेमची एक बाजू सॉफ्ट करतो. तो स्वीकारू नका.

कोणता आहे ते असं ओळखा:

१. कॅमेरा ट्रायपॉडवर, एफ/१.८, लाइव्ह व्ह्यू पूर्ण मॅग्निफाय. १ मीटरवर बारीक छापील अक्षरांचा कागद. रिंगवर आणि शेजारच्या स्थिर नळीवर मास्किंग टेप लावून दोन्हीवर एक सलग रेघ मारा.

२. जवळच्या बाजूने येत अक्षरं शार्प करा, नळीवर खूण करा. मग फोकस पलीकडे नेऊन उलट दिशेने या, पुन्हा खूण. दोन खुणांमधलं अंतर म्हणजे एकूण बॅकलॅश. एकाच फेरीवर विसंबू नका. शार्प कुठे थांबायचं यात डोळाही चुकतो.

३. आता रिंगला हात न लावता पुढच्या कड्याला बोटाने चारही बाजूंनी हलकं दाबा. चित्र सरकणारच, ट्रायपॉडही वाकतो. बघायचं ते दोनच गोष्टींकडे: दाबल्यावर अक्षरांचा शार्पपणा बदलतो का, आणि बोट काढल्यावर चित्र नेमकं जुन्या जागी येतं का. शार्पपणा बदलला तर आटे सैल आहेत.

४. शार्प करून हात सोडा. सोडता क्षणी फोकस निसटत असेल तर रिंगचा ताण काचेवर येतोय.

५. रिंग टोकापासून टोकापर्यंत अगदी सावकाश फिरवा. जडपणा एकसारखा हवा. दोन्ही दिशांनी त्याच जागी अडखळली तर आट्यात कचरा आहे किंवा नळी किंचित दबलेली.

जाड ग्रीस प्ले झाकून टाकतं. थंडीत घट्ट, ‘दर्जेदार’ वाटणारी रिंग उष्णतेत खुळखुळते, म्हणून लेन्स कोमट असतानाही क्रमांक ३ करून बघा. नुसत्या जडपणावरून मत बनवणं हा बहुतेक परीक्षणांचा दोष आहे.

चारकोपरे

भिंतीबद्दल. कॅमेरा तिरका होता का, ही भीती थोडी वाजवीपेक्षा जास्त असते. ०.८ मीटरवरून २० मिमीला १.४४ मीटर रुंद भाग दिसतो. कॅमेरा ३ अंश तिरका असेल तर कडेला अंतर जवळपास ३८ मिमीने बदलतं आणि सेन्सरच्या बाजूला फोकस ०.०२४ मिमी सरकतो. एफ/१.८ ची सगळी सूट एवढ्यात जाते हे खरं, पण १ अंशाची चूक खपून जाते. भिंतीच्या मधोमध सपाट आरसा टेकवून त्यात लेन्सचं प्रतिबिंब फ्रेमच्या केंद्रात आणलं की तो प्रश्न मिटला. खरी अडचण वेगळी आहे: ०.८ मीटरवरचे कोपरे आणि इन्फिनिटीचे कोपरे ही दोन वेगळी प्रगतिपुस्तकं असतात. तुम्ही लेन्स दूरच्या दृश्यांसाठी वापरणार असाल तर भिंत चुकीचा विषय तपासतेय.

दूरची चाचणी अशी. ५० मीटरच्या पलीकडची, बारीक तपशिलाची एकच वस्तू निवडा: अँटेना, जाळी, मनोरा. २० मिमीला ५० मीटर म्हणजे व्यवहारात इन्फिनिटीच. ऊन तापायच्या आत उरका, नाहीतर हवेची थरथर लेन्सच्या माथी मारली जाईल. वस्तू केंद्रात ठेवून एफ/१.८ ला फोकस करा आणि रिंग टेपने जागेवर चिकटवून टाका. मग फक्त कॅमेरा वळवून तीच वस्तू चारही कोपऱ्यांत आणा, दर वेळी एफ/१.८, २.८ आणि ५.६ ला एकेक फोटो. टायमर २ सेकंद, बॉडीचं स्टॅबिलायझेशन बंद, फाइल रॉ (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेली). डिस्टॉर्शन करेक्शनही बंद ठेवा, कारण ते कोपरे ताणून सॉफ्ट करतं.

तुलना कोपऱ्याची कोपऱ्याशी, केंद्राशी नाही. चारही सारखेच सॉफ्ट असतील तर ती फील्ड कर्व्हेचर (फोकसचं प्रतल सपाट नसून वाकलेलं असणं) किंवा डिझाइनची मर्यादा. एकच वेगळा असेल तर वस्तू त्याच कोपऱ्यात ठेवून एफ/१.८ लाच तिथे नव्याने फोकस करा. शार्प झाला तर फोकसचं प्रतल कललं आहे. काहीही केलं तरी शार्प होत नसेल, रेघेला एका बाजूला शेपूट फुटत असेल, तर काच मध्यापासून सरकली आहे. पहिल्याला उपाय असू शकतो, दुसऱ्याला लेन्स बदलून घेणं.

मंदशटर

पीकिंग बंद करा. ते कडांचा कॉन्ट्रास्ट बघतं, तेही कमी रिझोल्यूशनच्या चित्रात. वाइड लेन्समध्ये सगळ्याच कडांना कॉन्ट्रास्ट असतो, म्हणून सगळं चमकतं. एकास-एक पिक्सेल मॅग्निफिकेशन वापरा. त्याहून मोठं केलं तर कॅमेरा मधले पिक्सेल बनवून दाखवतो.

अॅपर्चर उघडं ठेवून फोकस करायचा आणि मग बंद करायचा, ही सवय जवळच्या अंतरावर दगा देऊ शकते. स्फेरिकल अॅबरेशन (काचेच्या कडेचे आणि मधले किरण एकाच जागी न जुळणं) असलेल्या लेन्समध्ये एफ/१.८ वरून एफ/२.८–४ ला जाताना शार्प जागा सरकते. ०.४ मीटरवर पट्टी ४५ अंशांत ठेवा, एफ/१.८ ला एका आकड्यावर फोकस करा आणि रिंग न हलवता एफ/२.८, ४, ५.६ ला फोटो घ्या. सर्वांत शार्प आकडा मागे सरकत गेला तर जवळचे फोटो ज्या अॅपर्चरला काढायचे त्यालाच फोकस करावा लागेल.

रुंदकोन

सगळं करून पाहिलं. बॅकलॅश टेपवर २ मिमी. कड्याला दाबल्यावर अक्षरांच्या शार्पपणात फरक नाही, बोट काढताच चित्र जागेवर. रिंग कुठे अडखळत नाही.

कोपरे: वरचा उजवा एफ/१.८ ला स्पष्ट सॉफ्ट, एफ/२.८ ला थोडा, एफ/५.६ ला चारही सारखे. त्या कोपऱ्यात नव्याने फोकस केल्यावर शार्प झाला. रिंग जवळच्या बाजूला दीड मिमी फिरवावी लागली. फोकस शिफ्ट दिसला नाही.

शिवाय रिंग इन्फिनिटीच्या टोकाला टेकवली की दूरचं सगळं किंचित सॉफ्ट. ८ मीटरच्या खुणेपाशी आणली की शार्प. हाही दोषच ना?

हेलिकॉइड

२ मिमी म्हणजे ३.६ अंश, काचेच्या प्रवासात ०.०५२ मिमी. एफ/१.८ ची दोन्ही बाजूंची मिळून सूट ०.०५४. म्हणजे बॅकलॅशने सगळी सूट गिळली, पण तुमची काच डुलत नाही, तेव्हा हा चावीचा सैलपणा. स्थिर फोटोंसाठी नियम एवढाच: शेवटची हालचाल नेहमी एकाच दिशेने करायची. पलीकडे गेलात तर चांगलं मागे येऊन पुन्हा त्याच बाजूने या.

इन्फिनिटीचं गणित: ८ मीटरला २० मिमी लेन्स ०.०५ मिमी पुढे असते. टोक तेवढं पलीकडे ठेवलेलं आहे. बहुतेक उत्पादक हे मुद्दाम करतात, कारण तापमानाने नळी आणि काच दोन्ही बदलतात आणि इन्फिनिटी गाठताच न येणं हे कितीतरी वाईट. हीच ०.०५ मिमीची चूक ५० मिमी लेन्सला ५० मीटरच्या खुणेवर दिसते, म्हणजे दिसतच नाही. स्वस्त पातळ अडॅप्टर (दुसऱ्या माउंटची लेन्स बसवायचं कडं) ५० मिमीवर निमूट चालतात आणि २० मिमीवर लगेच उघडे पडतात ते यामुळेच. तुमच्याकडे अडॅप्टर नाही, तेव्हा दिवसा दूरच्या वस्तूवर फोकस करून टेपवर स्वतःची इन्फिनिटी आखून घ्या. रात्री ठळक ताऱ्यावर पडताळा: फोकस ताऱ्याच्या अलीकडे राहिला तर कडेला सहसा हिरवट झाक येते, पलीकडे गेला तर जांभळट, दोन्ही नाहीशा होतात ती जागा तुमची.

लेन्सवरच्या डेप्थ ऑफ फील्डच्या (किती अंतरापर्यंत शार्प दिसेल ते दाखवणाऱ्या) रेघा बहुधा फिल्मच्या काळातल्या ०.०३ मिमी वर्तुळाच्या हिशेबाने कोरलेल्या असतात. ०.०१५ धरायचं तर एफ/८ ला एफ/४ च्या रेघा वाचा. हायपरफोकल (जिथे फोकस केला की इन्फिनिटीपर्यंत चालण्याइतकं शार्प राहतं ते अंतर) एफ/८ ला जुन्या हिशेबाने १.७ मीटर येतं, कडक हिशेबाने ३.३५.

फोलोफोकस

व्हिडिओ करणार असाल तर वरचं ‘एकाच दिशेने या’ कामाचं नाही. ०.८ मॉड्युलची (दात्यांचं माप) गिअर रिंग लावून खुणांवर फोकस ओढताना जाताना एक खूण आणि येताना दुसरी, असं ३.६ अंशांनी चालत नाही. ती रिंग फिरवणाऱ्या चाकाचा स्वतःचा प्ले त्यात मिळवा. तसा वापर असेल तर मी लेन्स बदलून मागेन. फक्त फोटोंसाठी असेल तर ठेवायला हरकत नाही.

चारकोपरे

आधी कोपरा, मग प्ले. दीड मिमी म्हणजे २.७ अंश, सेन्सरपाशी सुमारे ०.०४ मिमी. कोपरा केंद्रापासून २१.६ मिमीवर, तेव्हा एकूण कल एक दशांश अंश. एवढा कल लेन्सच्या माउंटमध्ये असू शकतो तसाच बॉडीच्या माउंटमध्ये किंवा सेन्सरमध्येही.

दोन चाचण्या राहिल्या. खालच्या डाव्या कोपऱ्यात नव्याने फोकस करून बघा. रिंग उलट दिशेला, तितकीच फिरवावी लागली तर संपूर्ण प्रतल कललंय हे पक्कं. मग त्याच बॉडीवर दुसरी एखादी वाइड लेन्स लावून चारही कोपरे तसेच तपासा. तिचाही वरचा उजवाच कोपरा बिघडला तर लेन्स परत करून उपयोग नाही, बॉडी सर्व्हिसला द्यावी लागेल. दुसरी लेन्स स्वच्छ निघाली तर ही बदलून घ्या. माउंटचे स्क्रू स्वतः उघडू नका. खाली मायक्रॉनच्या हिशेबाच्या पातळ चकत्या असू शकतात, त्यातली एक इकडची तिकडे झाली की आजचा दशांश अंश बरा म्हणायची वेळ येईल.

परत पाठवताना चार कोपऱ्यांच्या एफ/१.८ आणि ५.६ च्या मूळ रॉ फाइल्स द्या, कापलेले तुकडे नकोत. सोबत अंतर, कुठे फोकस केला होता आणि दुसऱ्या लेन्सचा निकाल लिहा. नुसतं ‘कोपरा सॉफ्ट’ लिहिलं तर ‘मर्यादेत आहे’ असा शेरा मारून तीच लेन्स परत येते.