चाकं रिव्हेटची की स्क्रूची?

रिसायकल केलेल्या बाटल्यांचं कापड वापरलं की प्रवासाची चाकांची बॅग पर्यावरणपूरक, असं म्हणतात; मला ते अर्धंच पटतं. ते कापड बऱ्याचदा नुसत्या अस्तराला असतं. बॅग दगा देते ती चाकं, हँडल नाहीतर चेनमुळे! चाक रिव्हेटने, म्हणजे न उघडणाऱ्या धातूच्या खिळ्याने, ठोकलेलं असलं की दुरुस्तीवाला कुरकुरतो, स्क्रूचं असेल तर लगेच बदलून देतो. कवच निव्वळ पॉलिप्रॉपिलीन या एकाच प्लास्टिकचं असेल तर वितळवून पुन्हा वापरता येतं, पण अस्तर चिकटवलेलं असलं तर ते सोलत कोण बसणार?

जुन्या वस्तूंपासूनच बॅगा करणारेही आहेत: स्वित्झर्लंडमधल्या झुरिचचे फ्रायटाग बंधू १९९३ पासून ट्रकच्या जुन्या ताडपत्र्यांच्या बॅगा करतायत, पट्ट्यांना गाड्यांचे सीटबेल्ट. (किंमत मात्र विचारू नका.)

मी हल्ली दुकानात आधी बॅग उलटी करून चाकं बघते. दुकानदार वैतागतो.