फितार: उपास सोडणे की मोडणे?

अरबीच्या वर्गात मी चित्रपटांतले रमजानचे प्रसंग दाखवते. यंदा हेन्री बरकात यांचा १९६१चा 'फी बैतिना रजुल' (आमच्या घरात एक माणूस) घेतला. इंग्रजधार्जिण्या पंतप्रधानाला मारणारा इब्राहिम इस्पितळातून निसटतो तो बरोबर मगरिबच्या, म्हणजे सूर्यास्ताच्या नमाजाच्या वेळी, पहारेकरी जेवणात गुंतलेले असताना. हीच वेळ का, हे कैरोच्या प्रेक्षकाला सांगावं लागत नाही. माझ्या मुलांना सांगावं लागलं. त्यातून 'फितार' शब्द आला, आणि कोशात त्याचा अर्थ निघाला 'न्याहारी'. सूर्य मावळताना न्याहारी कशी? मराठीत काय लिहावं?

———

कोश बरोबर आहे. फ-त-र या धातूत फोडण्याचा, भंगण्याचा भाव आहे. रात्रभरच्या रिकाम्या पोटी सकाळी जे खायचं ते इजिप्तमध्ये फितार. रमजानात पोट दिवसभर रिकामं, म्हणून तेच नाव संध्याकाळच्या जेवणाला. मराठीत सरळ 'इफ्तार' लिहा.

खरी अडचण क्रियापदाची आहे. आपल्याकडे उपास सोडणं वेगळं, मोडणं वेगळं. एकादशीला चुकून पोह्यांचा घास गेला तर उपास मोडला. दुसऱ्या दिवशी पारणं केलं तर सोडला. अरबीत दोन्हींना 'अफ्तर'. त्यात बोलीतला प्रश्न ऐका: 'सायिम वल्ला फातिर?' (रोजा आहे की नाही?) याचं उत्तर 'अना फातिर' आलं की विद्यार्थी लिहितो, 'मी रोजा सोडला.' बऱ्याचदा ते चूक असतं. आजारी माणूस, प्रवासी, पाळी आलेली बाई, सगळे हाच शब्द वापरतात. त्यात कबुलीही नाही आणि अपराधही नाही. 'आज माझा रोजा नाही', एवढंच.

———

मग इफ्तारला 'पारणे'च म्हणावं का? शब्द आपला आहे, गोडही आहे.

———

गोड आहे, पण मी म्हणणार नाही. एकादशीचं पारणं द्वादशीला होतं, रोजा त्याच संध्याकाळी सुटतो. उपासाला साबुदाणा, शेंगदाणे, पाणी चालतं. रोज्यात पाण्याचा थेंबही नाही. 'पारणे' म्हटलं की वाचकाच्या डोळ्यांपुढे दुसरंच घर येतं. शिवाय महाराष्ट्रातले मुसलमान पिढ्यान्‌पिढ्या रोजा, सहरी (पहाटेपूर्वीचं खाणं), इफ्तार म्हणत आले आहेत. हे शब्द मराठीच आहेत, त्यांच्या जागी नवे कशाला शोधायचे?

'रमदान' की 'रमजान' हेही वर्गात निघेल. अरबीतलं 'दाद' हे अक्षर फारसीत 'झ'सारखं झालं आणि आपल्याकडे तसंच आलं. काजी, अर्ज, मर्जी, हजर, जिल्हा या सगळ्यांत मूळ अरबीत तेच अक्षर आहे. म्हणजे 'रमजान' म्हणणारा मराठी माणूस चुकत नाही; 'जिल्हा' म्हणतो त्याच वाटेने तो जातो. मुलांना हे जरूर दाखवा, अक्षर पटकन डोक्यात बसतं.

———

खूप आभार. काल २०१०चा 'असल इस्वद' हा चित्रपट दाखवला. नायक वीस वर्षांनी अमेरिकेहून कैरोला परतलेला, त्यामुळे त्याला जे कळत नाही ते बऱ्याचदा आमच्या मुलांनाही कळत नसतं. नवशिक्यांना हा फार उपयोगी पडतो. जर्दाळूच्या सरबताचं नाव पुस्तकात 'कमर अद्-दीन', कैरोच्या तोंडी 'अमर इद्दीन'. 'क' गळतो हे त्यांनी स्वतःच पकडलं.

आता 'मसहराती'वर अडलोय. सहरीसाठी ढोलकं वाजवत गल्लीतून फिरणारा. एका मुलीने 'वासुदेव' सुचवलं. पहाटेपूर्वीची हाक म्हणून जवळचं आहे, पण मोरपिसांची टोपी आणि दान पावल्याचं गाणं सोबत येतं. मी 'सहरीला उठवणारा' असंच ठेवलं. त्याची हाक मात्र मूळ अरबीतच पाठ करून घेतली: 'इस्हा या नायिम, वह्हिद इद्दायिम'. ऊठ रे निजलेल्या, नित्य असणाऱ्याचं एकत्व आठव. सायिम, नायिम, दायिम, फातिर, सगळे एकाच साच्यातले. आणि आपलं 'कायम'ही त्यातलंच, हे त्या मुलीनेच फळ्यावर लिहिलं.