आईचं नाव सातबाऱ्यावर लावायचंय: लक्ष्मी मुक्ती, बक्षीसपत्र की वाटप?

शिवारकन्या (प्रश्न)

पहाटेची धार, शेणकूट, भाकरी, मग दिवसभर खुरपणी नाहीतर वेचणी, संध्याकाळी परत गोठा. बियाणं निवडून ठेवण्यापासून मजुरांच्या हजेरीपर्यंत शेताचं निम्मं काम आई करते, पण सातबाऱ्यावर तिचं नाव नाही. वडील हयात आहेत आणि नाव लावायला स्वतःहून तयार आहेत.

जमिनीचे दोन गट आहेत.
गट १: ३ एकर, वडिलांनी खरेदीखताने स्वतः घेतलेली. सोसायटीचं पीक कर्ज चालू आहे.
गट २: १ एकर २० गुंठे, वडिलोपार्जित. वडील आणि काकांच्या वाटपात वडिलांच्या वाट्याला आलेली, जिरायत.

आम्ही दोन भावंडं, एक भाऊ, एक बहीण. आजी हयात आहे. भावाची हरकत नाही, पण "उद्या आईच्या माहेरचे हक्क सांगायला येतील का" अशी शंका त्याच्या डोक्यात कुणीतरी घातली आहे. कुठला मार्ग धरावा, खर्च किती, आणि पुढे अडचण कुठे येते?

---

फेरफारवाचक

ताई, वडील हयात असताना हे काम काढलंत हे सगळ्यात बरं केलंत. नंतर हेच काम वारसनोंद, हरकती आणि सह्या गोळा करण्यात अडकतं. दोन्ही गटांना एकच मार्ग लावू नका, कारण जमिनीचा प्रकार वेगळा आहे.

गट १. वडिलांची स्वकष्टार्जित जमीन, म्हणजे ती कुणाला द्यायची हे ते एकटे ठरवू शकतात. इथे दोन रस्ते.

पहिला लक्ष्मी मुक्तीचा. शेतकरी संघटनेच्या चांदवड अधिवेशनात १९८६ साली शेतकरी बायांचा प्रश्न ऐरणीवर आला, पुढे शरद जोशींनी लक्ष्मी मुक्तीची मोहीम चालवली आणि गावोगावच्या शेतकऱ्यांनी बायकोच्या नावे जमिनी केल्या. त्यानंतर महसूल खात्याचं १५ सप्टेंबर १९९२ चं परिपत्रक निघालं. त्यानुसार नवऱ्याने स्वतःच्या नावच्या जमिनीत पत्नीचं नाव सहहिस्सेदार म्हणून घ्यावं असा अर्ज तहसीलदारांकडे करायचा. तहसीलदारांच्या आदेशावरून फेरफार (सातबाऱ्यावरच्या नावातल्या बदलाची नोंद) होतो. दस्त करावा लागत नाही. अर्जासोबत चालू सातबारा, ८अ (खातेदाराच्या नावावरच्या जमिनीचा उतारा), दोघांची आधार कार्डं आणि विवाहाचा पुरावा लावा. विवाह नोंदणीचा दाखला नसेल तर रेशन कार्ड आणि प्रतिज्ञापत्र जोडून विचारा.

मर्यादा नीट समजून घ्या. फेरफार हा महसुली अभिलेख आहे, मालकी निर्माण करणारा दस्त नव्हे. न्यायालयांनी हे वारंवार सांगितलं आहे. घरात वाद नसेल तर लक्ष्मी मुक्ती पुरते. पण पुढे कुणी कोर्टात गेलं तर नोंदणीकृत कागद आईच्या हातात असलेला बरा.

म्हणून दुसरा रस्ता: बक्षीसपत्र. महाराष्ट्रात शेतजमीन पत्नीला बक्षीस दिली तर मुद्रांक शुल्क २०० रुपये आहे. त्यावर स्थानिक अधिभार लागतो, तो गावाच्या मूल्यदरावर ठरतो. आकडा दुय्यम निबंधक कार्यालयात मूल्यांकन काढून आधीच घ्या. वडिलांची सही, दोन साक्षीदार, आणि आईने स्वीकारल्याचा मजकूर दस्तात हवाच. देणारा हयात असताना स्वीकार झाला नाही तर बक्षीस उभंच राहत नाही. अख्खा गट द्यायचा नसेल तर किती क्षेत्र, कुठल्या बाजूचं, चतुःसीमा काय, हे स्पष्ट लिहा. "निम्मी जमीन" एवढंच लिहिलेले दस्त पुढे मोजणीच्या वेळी डोकेदुखी होतात.

गट २. इथे बक्षीसपत्र करू नका. एकत्र कुटुंबाच्या वडिलोपार्जित जमिनीतला अविभक्त हिस्सा एकट्या वडिलांना परस्पर बक्षीस देता येत नाही, त्यात मुलगा आणि मुलगी दोघांचाही जन्मतः हक्क आहे (मुलीचा २००५ च्या दुरुस्तीने). लक्ष्मी मुक्तीचा अर्जही याच कारणाने इथे नका देऊ. मार्ग वाटपाचा. महसूल संहितेच्या कलम ८५ खाली सगळ्या सहधारकांच्या संमतीने तहसीलदारांकडे अर्ज, नाहीतर नोंदणीकृत वाटणीपत्र.

आणि इथे एक गोष्ट बहुतेक घरांत निसटते. आपल्याकडच्या हिंदू कायद्यात आईला स्वतःहून वाटप मागता येत नाही, पण बाप-लेकांत वाटप झालं की तिला मुलाएवढा हिस्सा मिळतो. तुमच्या घरात वाटे चार: वडील, आई, भाऊ, बहीण. ६० गुंठ्यांचे प्रत्येकी १५. वाटपाचा तक्ता लिहिणारे सर्रास तीन वाटे मांडतात आणि आईला पोटगीवर बसवतात. तक्ता तयार होतानाच "आईचा रकाना कुठे आहे" हे विचारा.

---

बांधाकडेचा

फेरफारवाचकांनी १५ गुंठे काढले ते बरोबर, पण गट जिरायत आहे. २०२३ च्या अधिसूचनेप्रमाणे बहुतेक जिल्ह्यांत प्रमाणभूत क्षेत्र (याहून लहान तुकडा पाडता येत नाही अशी मर्यादा) जिरायतीला २० गुंठे, बागायतीला १० गुंठे. १५ गुंठ्यांचे स्वतंत्र तुकडे पाडायला गेलात तर तुकडेबंदी आडवी येणार. चौघांची नावं सामाईक ठेवून प्रत्येकापुढे हिस्सा लिहून घ्या. विहीर किंवा बोअर असून सातबाऱ्यावर जिरायतच दिसत असेल तर आधी जलसिंचनाची नोंद दुरुस्त करा, मग गणित बदलतं.

सोसायटीचं कर्ज हलक्यात घेऊ नका. इ-करार (कर्जासाठी जमिनीवर बोजा ठेवल्याचं सोसायटीला दिलेलं घोषणापत्र) केलेली जमीन कर्ज फिटेपर्यंत सोसायटीच्या परवानगीशिवाय हस्तांतरित केली तर सहकार कायद्याच्या कलम ४८ खाली ते हस्तांतरण रद्दबातल ठरतं. सातबाऱ्याच्या इतर हक्कात बोजा दिसतोच. त्यामुळे गट १ साठी आधी नाहरकत घ्या, किंवा मार्चमध्ये कर्जाचं नवं-जुनं (जुनं फेडून नवं घेणं) होतं त्या आठवड्यात बोजा उतरवून दस्त उरका आणि पुढचं कर्ज दोघांच्या सहीने घ्या.

जमीन भोगवटादार वर्ग २ (हस्तांतरणावर सरकारी बंधन असलेली) असेल तर बक्षीसपत्राआधी सक्षम अधिकाऱ्याची परवानगी लागते. सातबाऱ्यावर भूधारणा पद्धती लिहिलेली असते, तेवढं बघून घ्या.

---

गोदातीर

माहेरच्यांबद्दलच्या शंकेचं उत्तर थोडक्यात. हिंदू वारसा कायद्याचं कलम १४ म्हणतं की स्त्रीला मिळालेली मालमत्ता तिच्या पूर्ण मालकीची. मृत्युपत्र न करता ती वारली तर कलम १५ प्रमाणे पहिले वारस मुलगे, मुली आणि नवरा. ते असताना माहेरचा कुणी येत नाही. तुमच्या घरात भाऊ-बहीण दोघं आहेत, म्हणजे भीतीला जागाच नाही.

याउलट, आज काहीच केलं नाही तर काय होतं ते भावाला मांडून दाखवा. वडिलांच्या पश्चात मृत्युपत्र नसेल तर गट १ च्या १२० गुंठ्यांना पहिल्या वर्गाचे वारस चार: आई, भाऊ, बहीण आणि आजी (मुलाच्या मालमत्तेत आईचा हक्क असतो). प्रत्येकी ३० गुंठे. आणि आजीच्या त्या ३० गुंठ्यांत तिच्या पश्चात तिची बाकीची मुलं, म्हणजे काका-आत्या येणार. लोक याचा विचारच करत नाहीत. हे टाळायचं असेल तर नाव लावण्याबरोबरच वडिलांनी उरलेल्या क्षेत्राचं मृत्युपत्र करावं. त्याला मुद्रांक लागत नाही, दोन साक्षीदार लागतात, नोंदणी ऐच्छिक आहे, पण करून ठेवा.

---

शिवारकन्या

खूप मदत झाली. सोसायटीचं नाहरकत घेऊन गट १ चं बक्षीसपत्र आणि गट २ चं चार वाट्यांचं वाटप, असं ठरतंय. अजून एक विचारते. आमच्या भावकीत एका विधवा चुलतीचं नाव सातबाऱ्यावर "आहे" असं सगळे सांगतात, पण बँकेने त्यांना कर्ज नाकारलं. नाव असूनही असं का?

---

फेरफारवाचक

नाव कुठल्या रकान्यात आहे ते बघा. सगळा खेळ तिथे आहे.

एक, "इतर हक्क" रकाना. जुन्या फेरफारांत मुलांची नावं कब्जेदार सदरी (जमीनधारकांच्या रकान्यात) आणि आई-बहिणींची नावं इतर हक्कात टाकायची पद्धत होती. इतर हक्कात नाव असलेली बाई बँकेच्या दृष्टीने खातेदार नाही, ८अ वर ती येतच नाही. ८अ काढून बघितला की पाच मिनिटांत कळतं.

दोन, "अ.पा.क.", म्हणजे अज्ञान पालनकर्ता. नवरा वारला तेव्हा मुलं लहान होती, म्हणून नोंद झाली "अमुक, अ.पा.क. आई". घरच्यांना वाटतं आईचं नाव लागलं. प्रत्यक्षात ती फक्त पालक आहे. मुलगा १८ वर्षांचा झाला, अ.पा.क. शेरा कमी करायचा अर्ज दिला, की तिचं नाव सातबाऱ्यावरून पूर्ण जातं. तिची स्वतःची वारस म्हणून वेगळी नोंद हवी होती, कारण विधवा ही मुलांइतकीच वारस आहे.

तीन, "ए.कु.मॅ." शेरा. थोरल्या दिराचं नाव एकत्र कुटुंब मॅनेजर म्हणून लागलेलं असतं आणि बाकीच्यांचा हिस्सा त्याच्या नावामागे झाकलेला असतो.

चुलतींसाठी क्रम असा: नवऱ्याच्या मृत्यूनंतरचा वारस फेरफार क्रमांक सातबाऱ्यावरून शोधा, त्या फेरफाराची आणि गाव नमुना ६क (वारस नोंदवही) ची नक्कल तहसीलच्या अभिलेख कक्षातून घ्या. ६क मध्ये त्यांचं नाव वारस म्हणून असेल आणि सातबाऱ्यावर उतरवताना राहिलं असेल तर ती लेखनप्रमादाची चूक, कलम १५५ खाली तहसीलदारांकडे दुरुस्तीचा अर्ज चालतो. ६क मध्येच नाव नसेल तर तो फेरफार अपिलात न्यावा लागेल. अपिलाची मुदत ६० दिवस, ती उलटून गेलेली असणार, म्हणून विलंब माफीचा अर्ज सोबत जोडायचा. ए.कु.मॅ. आणि अ.पा.क. शेरे कमी करायचे अर्ज ई-हक्क प्रणालीतून ऑनलाइन देता येतात, पण अ.पा.क. कमी करण्याआधी आईची वारस नोंद तपासा. क्रम उलटा झाला तर तिचं नाव आधी जाईल.

आणि कुणाच्याही घरी दुःखद प्रसंग घडला तर तेराव्याच्या गर्दीत बायकांकडून हक्कसोडपत्रावर सह्या घेऊ नका आणि देऊ नका. "कर्ज मिळायला सोपं जाईल" म्हणून आईची सही घेतात आणि तिच्या हातात काहीच राहत नाही. कर्जासाठी संमतिपत्र किंवा सहकर्जदार म्हणून सही पुरते. आई स्वखुशीने मुलाला जमीन देणारच असेल आणि तिचं वय ६० च्या पुढे असेल, तर तिचा सांभाळ करण्याची अट दस्तातच लिहा. अट असली की सांभाळ न केल्यास २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याच्या कलम २३ खाली ते हस्तांतरण रद्द करून मागता येतं.

---

बांधाकडेचा

नाव लागल्यानंतरची कामं राहिली.

दस्तावर, आधारवर आणि बँक खात्यावर आईचं नाव अक्षर न अक्षर एकसारखं हवं. माहेरचं नाव, सासरचं नाव, "बाई" जोडलेलं-न जोडलेलं, यावरच निम्मे अर्ज परत येतात. दस्त लिहिण्याआधी आधार दुरुस्त करा, नंतर नाही.

फेरफाराची नोटीस निघाल्यावर १५ दिवस हरकतीसाठी असतात. हरकत आली नाही तर मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतात. "नोंद धरली" म्हणजे काम झालं नव्हे, "प्रमाणित" शब्द दिसेपर्यंत पाठपुरावा करा.

खातेदार झाल्यावर आईचा स्वतंत्र शेतकरी ओळख क्रमांक काढा. पीएम-किसानचा मात्र दुसरा अर्ज भरू नका. तिथे नवरा, बायको आणि अज्ञान मुलं मिळून एक कुटुंब, आणि १ फेब्रुवारी २०१९ नंतर नाव लागलेल्यांना (वारसाने सोडून) लाभ नाही. दुहेरी अर्ज झाला तर वसुली येते.

गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात योजनेत फरक पडतो. खातेदार आणि खातेदार नसलेला घरातला एक सदस्य, वय १० ते ७५, एवढ्यांनाच संरक्षण. आई स्वतः खातेदार झाली की ती त्या "एका" जागेवर अवलंबून राहत नाही. सर्पदंश, वीज, फवारणीची विषबाधा यात बसतात, मृत्यूला २ लाख रुपये, अर्ज ३० दिवसांत तालुका कृषी अधिकाऱ्यांकडे.

दूध घालत असाल तर डेअरीचं सभासदत्व आणि बिलाचं खातंही आईच्या नावे करून घ्या. त्याला तहसीलची पायरी चढावी लागत नाही, संस्थेच्या सचिवाकडे अर्ज दिला की झालं.