मदत हवी आहे: इंग्लंडहून कायमचे परत येतोय, गाडी आणावी की विकावी?

रेडिंगची_राधा

नमस्कार मंडळी,

जूनमध्ये आम्ही रेडिंगचं बिऱ्हाड आवरून नाशिकला परततोय, कायमचे. सगळं ठरलंय, एका गाडीपाशी घोडं अडलंय.

झालं असं की सामान नेणाऱ्या कंपनीचा माणूस घर बघायला आला. सोफा, पलंग, पुस्तकांची खोकी मोजून झाल्यावर खिडकीतून खाली उभ्या गाडीकडे बघून म्हणाला, वीस फुटीऐवजी चाळीस फुटी कंटेनर घ्या, गाडीपण मावेल. वरचा खर्च साधारण १२०० पौंड. तो गेला, पण तेव्हापासून आमचे अहो हवेत आहेत.

गाडी टोयोटा यारिस हायब्रिड, दीड लिटर. '७३' ची नंबरप्लेट, म्हणजे सप्टेंबर २०२३ नंतर नोंदलेली. पहिले मालक आम्हीच. पीसीपीवर (इथलं गाडीचं कर्ज: दरमहा छोटे हप्ते, शेवटी एक मोठा) घेतली आहे, शेवटचा मोठा हप्ता डिसेंबरात.

अहोंचं म्हणणं: स्टिअरिंग उजवीकडेच आहे. गाडीची खडान् खडा माहिती आहे. इथे विकून पंधरा हजार पौंड आले तरी खूप, आणि अशी गाडी भारतात मिळतच नाही. शिवाय दोन वर्षांहून जास्त परदेशात राहून परतणाऱ्याला कस्टममध्ये सूट असते, आणि आता तर ब्रिटनशी व्यापार करार होऊन गाड्यांवरचा कर दहा टक्क्यांवर आलाय.

माझं म्हणणं: हे इतकं सोपं असतं तर गंगापूर रोडवर निम्म्या गाड्या इंग्लंडच्या दिसल्या असत्या.

सासऱ्यांनी फोनवर "आणा आणा, दारात शोभेल" म्हणून एक मत टाकलंय. त्यामुळे सध्या दोन विरुद्ध एक. कोणी प्रत्यक्ष गाडी आणली आहे का? कर नेमका किती बसतो? आणि नाही आणली तर इथे विकताना काय बघावं?

---

अटकमटक

एका शब्दात: नका.
सविस्तर कोणीतरी लिहीलच. मी चहा घेऊन बसतो.

---

गोदाकाठचा_गण्या

कॉलेज रोडला संध्याकाळी सहा वाजता एकदा पार्किंग शोधून बघा म्हणावं. हौस तिथेच फिटेल. (हलके घ्या.)

---

बंदरावरचा_बाबू

राधाताई, माझी अर्धी हयात न्हावा शेव्याला क्लिअरिंगच्या कामात गेली. तुमच्या अहोंचे मुद्दे एकेक करून घेतो. राग मानू नका.

भाडं हा प्रश्नच नाही. १२०० पौंडांत गाडी येईल. जहाजवाल्याला तुमच्या करांशी देणंघेणं नसतं, म्हणून त्याचा आकडा गोड वाटतो.

सूट: कायमचं परतणाऱ्याला जी सवलत मिळते ती घरसामानाला. मोटारगाडी बॅगेजमध्ये धरतच नाहीत. तिची स्वतंत्र बिल ऑफ एंट्री (कस्टमचा आयात-अर्ज) भरायची आणि पूर्ण शुल्क मोजायचं.

व्यापार करार: जुलै २०२५ मध्ये सह्या झाल्या, खरं आहे. पण तो दहा टक्क्यांचा आकडा ठरावीक कोट्यातल्या गाड्यांसाठी आहे, तोसुद्धा ११० वरून टप्प्याटप्प्यानं खाली येणारा. आणि माल ब्रिटनमध्ये बनलेला हवा. टोयोटाची कोरोला डर्बीशायरमध्ये बनते. यारिस येते फ्रान्समधून, नाहीतर चेकमधून. गाडीच्या दाराच्या चौकटीवरची पट्टी बघा. म्हणजे विषयच संपला.

आता वापरलेल्या गाडीच्या अटी. उत्पादनापासून तीन वर्षांपेक्षा जुनी चालत नाही. ही तारीख नोंदणीची नाही, बनल्याची. सप्टेंबरनंतर नोंदलेली गाडी कारखान्यातून उन्हाळ्यातच बाहेर पडलेली असू शकते. तुम्ही जूनमध्ये निघणार, त्यात लाल समुद्रातल्या भानगडीपासून बरीच जहाजं आफ्रिकेला वळसा घालून येतात, म्हणजे आणखी दहा-पंधरा दिवस. गाडी बंदरात लागेपर्यंत तीन वर्षं उलटली तर तिचं काय करायचं हा वेगळाच धागा काढावा लागेल. जुनी गाडी फक्त मुंबई बंदरातूनच येते. उजवं स्टिअरिंग तुमचं आहे, पण स्पीडोमीटर किलोमीटरचा लागतो, इंग्लंडच्या गाड्यांत मैल असतात. डिजिटल असेल तर बदलता येईल. आणि सोडवण्याआधी गाडी चाचणीला न्यावी लागते: पुण्याची एआरएआय, नगरची व्हीआरडीई किंवा मध्य प्रदेशातलं बुदनी.

इथे एक गोष्ट कोणी सांगत नाही. गाडी आणि घरसामान एकाच कंटेनरमध्ये असेल आणि गाडीच्या कागदात काही अडकलं, तर तुमची भांडी, गाद्या, मुलांची खेळणीही तिच्यासोबत बंदरात पडून राहू शकतात. वर डिटेन्शन आणि डेमरेजचं, म्हणजे कंटेनर आणि बंदरातली जागा अडवल्याच्या आकाराचं, मीटर चालू. माझ्यासमोर एका कुटुंबाचं असं झालंय. घरात झोपायला गादी नाही आणि बंदराचं बिल रोज वाढतंय.

आता पैसे. २०२५ च्या बजेटनंतर "जुन्या गाड्यांवरचं शुल्क १२५ वरून ७०" अशा बातम्या फिरल्या. ते अर्धसत्य. मूळ शुल्क ७० केलं, पण ६७.५ टक्के कृषी अधिभार लावला. बेरीज १३७.५, आधी होती तेवढीच. त्यावर जीएसटी. तुमचं इंजिन १२०० सीसीच्या वर आहे, म्हणून ४० टक्के, आणि तो शुल्कासकट रकमेवर.

हे सगळं लागतं कशावर? तुम्ही गाडी कितीला विकू शकता त्यावर नाही. नवी असतानाच्या छापील किमतीतून घसारा वजा करतात: पहिल्या वर्षी दर तिमाहीला ४ टक्के, दुसऱ्या वर्षी ३, तिसऱ्या वर्षी अडीच. त्यात जहाजभाडं आणि विमा मिळवतात.

समजा छापील किंमत २४,००० पौंड होती. अडीच वर्षांचा घसारा ३३ टक्के. राहिले १६,०८०. भाडं-विमा धरून साधारण १७,५००. पौंडाला १२० रुपये धरले तर २१ लाख. त्यावर शुल्क जवळपास २९ लाख, झाले ५०. त्यावर जीएसटी २० लाख, झाले ७०. महाराष्ट्रात आयात गाडीला आरटीओचा एकरकमी कर २० टक्के, म्हणजे आणखी चौदाएक लाख.

यारिस. ८४ लाखांना.

---

अटकमटक

चहा सांडला.

---

रेडिंगची_राधा

बाबूकाका, _/\_

अहो मागे उभे राहून वाचताहेत. चौऱ्याऐंशीपाशी थोडा वेळ बोलले नाहीत. मग विचारतात, आम्हाला डीलरनं चांगली घसघशीत सूट दिली होती, पावती आहे. मग छापील किंमत का?

(पट्टी बघून आले. फ्रान्स.)

---

बंदरावरचा_बाबू

पावती जरूर दाखवा, पण तिच्यावर विसंबून हिशेब मांडू नका. अधिकारी उत्पादकाची त्या सालची किंमत बघतात. आणि समजा दोन हजार पौंड कमी धरले, तरी ८४ चे ७७ होतील. त्यानं निर्णय बदलतोय का?

---

हॅरोचा_हरी

इंग्लंडच्या बाजूचं मी सांगतो, गेल्या वर्षी भावाचं सगळं मीच निस्तरलं.

मुळात पीसीपी चालू असताना गाडी तुमची नाही, फायनान्स कंपनीची आहे. लॉगबुकवर (गाडीच्या नोंदणीच्या कागदावर) तुमचं नाव असलं तरी ते मालकीचा पुरावा नसतं, त्यावरच तसं छापलेलं आहे. म्हणजे कर्ज फेडल्याशिवाय किंवा त्यांच्या लेखी परवानगीशिवाय गाडी देशाबाहेर नेता येणार नाही. हा मुद्दा त्या कंटेनरवाल्यानं काढला होता का? नसेल काढला.

आता करायचं काय, तर कंपनीकडून आजची 'सेटलमेंट फिगर', म्हणजे कर्ज आत्ता पूर्ण फेडायला लागणारी रक्कम, मागवा. मग दोन-तीन ठिकाणी गाडीची किंमत काढा. किंमत जास्त असेल तर सरळ डीलरला विका, तो फायनान्स परस्पर चुकता करून वरचे पैसे तुमच्या खात्यात टाकतो. किंमत कमी असेल तर दुसरी वाट आहे: १९७४ च्या कन्झ्युमर क्रेडिट कायद्यानुसार एकूण रकमेच्या निम्मे पैसे फेडले असतील तर गाडी परत देऊन मोकळं होता येतं. पीसीपीत शेवटचा हप्ता मोठा असल्यामुळे निम्मे व्हायला उशीर लागतो, तेव्हा करारावरचा तो आकडा शोधा. पत्र लेखीच पाठवायचं. फोनवर बोललात तर समोरचा तुम्हाला दुसऱ्याच कुठल्यातरी पर्यायाकडे वळवायचा प्रयत्न करतो, भावाच्या वेळी केला होता.

विकल्यावर डीव्हीएलएला (इथल्या आरटीओला) कळवा, उरलेल्या पूर्ण महिन्यांचा रोड टॅक्स आपोआप परत येतो. विमाही रद्द करा, थोडेफार पैसे मिळतात.

आणि जायच्या आठवड्यात विकायला काढू नका. तारीख डोक्यावर आली की डीलरला वास येतो. गाडी महिनाभर आधी द्या आणि शेवटचे दिवस भाड्याच्या गाडीवर काढा. रेडिंगला बस तशाही चांगल्या आहेत.

---

मस्कतवाली_मावशी

आमच्याकडे आखातातून काहीजण कार्ने (गाडी तात्पुरती दुसऱ्या देशात न्यायचा कागद) काढून गाडी घेऊन जातात. केरळात आखाती नंबरप्लेटच्या गाड्या दिसतात त्या तशाच. त्यात शुल्क भरावं लागत नाही. तसं नाही का जमणार?

---

बंदरावरचा_बाबू

मावशी, कार्ने पाहुण्यांसाठी. सहा महिने फिरवा आणि गाडी परत देशाबाहेर न्या, नाहीतर ठेवलेली हमी जप्त. राधाताई कायमच्या येताहेत, त्यांना त्याचा काडीचा उपयोग नाही. सुट्टीवर येणाऱ्यांची गोष्ट वेगळी.

---

चाक_फिरस्ता

सगळे आकडेच बघताहेत म्हणून उलट्या बाजूनं बोलतो. हौसेला मोल नसतं. एखादी गाडी वडिलांची असेल, किंवा इथे कुठल्याच पैशात न मिळणारी असेल, तर माणूस आणतो आणि ते मला समजतं. प्रश्न एवढाच की ही ती गाडी आहे का? यारिस छान आहे, पण दर रविवारी फडकं घेऊन जिच्याभोवती फिरावं अशी नाही.

आणि आणलीच, तरी पुढचं सोपं नाही. ही हॅचबॅक टोयोटा भारतात विकत नाही. बंपर, आरसा, पुढची काच, प्रत्येक गोष्ट मागवावी लागणार. बंद पडेल म्हणून नाही, रिक्षा घासून जाईल म्हणून. शिवाय पेट्रोलच्या झाकणाच्या आत बघा, ई५ आणि ई१० (पेट्रोलमध्ये ५ आणि १० टक्के इथेनॉल) असे गोल शिक्के असतील. भारतात आता पंपावर ई२० आहे.

हायब्रिडच हवी असेल तर टोयोटा हायरायडर किंवा मारुतीची ग्रँड व्हिटारा बघा. त्यात तुमच्या यारिसच्याच घराण्यातलं दीड लिटरचं तीन सिलिंडरचं इंजिन आहे. स्ट्राँग हायब्रिडच घ्या, माइल्डवाली नको, शोरूममध्ये दोन्हीला हायब्रिडच म्हणतात. चालवताना तोच इंजिन बंद-चालू होण्याचा आवाज येईल, आणि गतिरोधकावर पोट घासणार नाही. यारिस विकून आलेल्या पैशांत आणखी थोडे घातले की काम होतंय.

---

गोदाकाठचा_गण्या

+१. आणि सर्व्हिस सेंटर नाशकातच आहे. गॅरेजवाल्याला "फ्रान्सहून पार्ट येतोय" सांगून बघा, तो गाडी अंगणात ठेवून त्यावर कपडे वाळत घालेल.

---

रेडिंगची_राधा

सगळ्यांचे आभार. निकाल लागलाय: गाडी इथेच विकायची, कंटेनर वीस फुटीच. फायनान्स कंपनीला मेल गेला, सेटलमेंटचा आकडा आला की दोन ठिकाणी किंमत काढतोय. अहो सध्या हायरायडरचे व्हिडिओ बघताहेत, म्हणजे दुखवटा संपला असं धरायला हरकत नाही. सासऱ्यांना कोण सांगणार यावर चर्चा चालू आहे.

शेवटचा प्रश्न. लेकीची कार सीट आयसोफिक्सची (गाडीतल्या हुकांना थेट अडकणारी) आहे, चांगली महागातली. ती आणू ना? आणि दोन सायकली?

---

चाक_फिरस्ता

सीट डोळे झाकून आणा. हायरायडरमध्ये मागे आयसोफिक्सचे हुक आहेत, तीच सीट बसेल. फक्त तिच्या कडेला छापलेली उंची-वजनाची मर्यादा बघा, लेक वर्षभरात तिच्याबाहेर जाणार असेल तर जागा अडवू नका.

---

बंदरावरचा_बाबू

सायकली घरसामानात येतात, त्यांचं टेन्शन नको. पॅकिंग लिस्टमध्ये "वापरलेल्या सायकली, २" असं वेगळं लिहा. टायरची माती मात्र धुऊन काढा, बाहेरची माती आणलेली चालत नाही. आणि खोक्यांवर नुसतं "इतर सामान" लिहायचं नाही, तीच खोकी आधी उघडतात.

---

हॅरोचा_हरी

एक राहिलंच. गाडी विकून विमा रद्द करताना कंपनीकडून नो क्लेम बोनसचं पत्र मागून घ्या, किती वर्षं क्लेम नाही ते लिहिलेलं. परदेशातला नो क्लेम भारतातल्या नव्या पॉलिसीत धरला जातो, जुनी पॉलिसी संपल्यापासून तीन वर्षांच्या आत नवी घेतली तर. शोरूममधला विमावाला हे आपणहून सांगणार नाही, तुम्हीच पत्र पुढे करा. मूळ प्रत हातातल्या बॅगेत ठेवा, कंटेनरमध्ये नको. गाडी घ्यायची वेळ येईल तेव्हा कंटेनर समुद्रात असेल.