आईसाठी टचस्क्रीन घ्यायचा आहे, नजर अधू आहे. कोणता घ्यावा?

प्रेषक: नेपरव्हिल

नमस्कार मंडळी,

आई आता कायमची आमच्याकडे राहायला आली आहे. वय ८१. दोन्ही डोळ्यांत मॅक्युलाची, म्हणजे नेत्रपटलाच्या मधल्या भागाची, झीज आहे. डाव्या डोळ्यात इंजेक्शनं चालू आहेत. उजव्यातली झीज कोरड्या प्रकारची आणि बरीच पुढे गेलेली, तिथे त्या इंजेक्शनांचा उपयोग नाही. समोर बसलेल्याचा चेहरा तिला ओळखू येत नाही, पण अंगणाच्या कडेने खार पळाली की तीच आधी सांगते.

फोन तिने बाजूला ठेवून दिला आहे. तिला सकाळी पेपर वाचायचा असतो, पुण्याला मामांशी व्हिडिओवर बोलायचं असतं आणि शिकागोच्या आपल्या मंडळाच्या या ई-मेल यादीवर काय चाललंय तेही हवं असतं. माउस दिला तर बाण कुठे गेला ते सापडत नाही, म्हणून टचस्क्रीन घ्यायचं ठरवलं. थँक्सगिव्हिंगचा सेल तोंडावर आहे. २४ इंची ऑल-इन-वन, म्हणजे पडद्यातच संगणक असलेला, बघून ठेवला आहे. भाऊ म्हणतो २७ इंचीच घे, बायको म्हणते १३ इंची आयपॅड पुरे. यातलं कोणाला काही कळत असेल तर कृपया लिहा.

प्रेषक: शॉमबर्ग

दादा, नमस्कार.

मी ऑक्युपेशनल थेरपिस्ट आहे आणि माझं रोजचं काम अधू नजरेच्या लोकांबरोबरच असतं, म्हणून जरा सविस्तर लिहिते. सेलची घाई करू नका. इंचांचा विचार सगळ्यात शेवटी करायचा.

पहिली गोष्ट अंतराची. अक्षर निम्म्या अंतरावर आणलं की ते डोळ्याला दुप्पट दिसतं. १३ इंची पडदा १० इंचांवर धरला तर तो २६ इंची पडदा २० इंचांवर ठेवल्याइतकाच मोठा दिसतो. म्हणजे तुमचे भाऊ आणि तुमच्या पत्नी दोघंही बरोबर असू शकतात, प्रश्न एवढाच की आई पडद्याच्या किती जवळ बसणार. ऑल-इन-वन जड असतो, त्याचा पाय टेबलावर पसरलेला असतो, त्यामुळे पडदा माणसाकडे येत नाही, माणूसच पडद्याकडे वाकतो. ८१ व्या वर्षी अर्धा तास मान पुढे काढून वाचणं होत नाही. लोक मग संगणक आवडत नाही म्हणतात आणि घरचे तेच खरं धरतात.

पण जवळ आणायचं तर चष्मा लागतो. नेहमीच्या वाचायच्या चष्म्यात +२.५ च्या आसपास भर असते, ती साधारण १६ इंचांसाठी. १० इंचांवर स्पष्ट दिसायला सुमारे +४ लागतो. प्रोग्रेसिव्ह चष्म्यात वाचायचा भाग खाली असतो, त्यामुळे उभ्या पडद्यासाठी हनुवटी वर करावी लागते आणि मान धरते. तेव्हा संगणक घ्यायच्या आधी लो-व्हिजन, म्हणजे अधू नजरेचं काम करणाऱ्या ऑप्टोमेट्रिस्टकडून पडद्याच्या अंतराचा वेगळा, एकाच नंबरचा चष्मा करून घ्या. शिकागो लाइटहाउस ही संस्था १९०६ पासून अंध आणि अधू नजरेच्या लोकांसाठी काम करते, त्यांचं लो-व्हिजन क्लिनिक आहे. जाताना आईंचे सगळे जुने चष्मे घेऊन जा.

दुसरी गोष्ट, मॅग्निफायर, म्हणजे पडद्यावरचं सगळंच मोठं करून दाखवणारी सोय. पडदा दुप्पट मोठा केला की एका वेळी त्याचा चौथा भागच दिसतो. चौपट केला तर सोळावा. उरलेलं सगळं बाहेर. ओळीच्या शेवटी गेलं की पुढची ओळ कुठे सुरू होते ते शोधत बसावं लागतं. म्हणून आधी अक्षर मोठं करायचं, पडदा नंतर. विंडोजमध्ये ॲक्सेसिबिलिटीच्या खाली टेक्स्ट साइझ २२५ टक्क्यांपर्यंत वाढवता येतो, आयपॅडमध्येही लार्जर टेक्स्ट आहे. बातम्या ब्राउझरच्या रीडर मोडमध्ये, म्हणजे नुसता मजकूर दाखवणाऱ्या सोयीत, उघडल्या की ओळी पडद्याच्या रुंदीत मोडून येतात, आडवं सरकवावं लागत नाही. ई-पेपरचं छापील पान मात्र अधू नजरेला फार त्रासाचं. त्यात अक्षर मोठं होत नाही, नुसतं चित्र मोठं होतं.

देवनागरीला इंग्रजीपेक्षा मोठं अक्षर लागतं हे इथल्या डॉक्टरांना सांगावं लागतं. त्यांच्या तक्त्यावर रोमन अक्षरं असतात. आपल्याकडे रेघेच्या वर रफार, अनुस्वार, वेलांट्या आणि खाली उकार, आणि नजर गेली की आधी हेच जातात. आईंना इंग्रजीचा कोणता आकार वाचता येतो ते बघून मराठीचा ठरवू नका. खऱ्या मराठी मजकुरावर बघा. ठळक अक्षर सगळ्यांना सोसतंच असं नाही, जोडाक्षरांच्या आतली जागा बुजते.

तिसरी, चकाकी. बहुतेक टचस्क्रीनची काच गुळगुळीत असते. दुकानात पडदा बंद करून समोर उभे राहा. त्या काळ्या काचेत छतावरचे दिवे आणि तुमचा शर्ट जितका स्पष्ट दिसेल तितका आईंना त्रास. आयपॅड प्रोमध्ये नॅनो-टेक्श्चरची, कमी चकाकणारी काच मिळते, पण ती फक्त १ आणि २ टेराबाइटच्या महागड्या मॉडेलला. त्यापेक्षा चांगली मॅट फिल्म लावा आणि टेबल असं फिरवा की खिडकी आईंच्या पाठीमागे किंवा पडद्यामागे येणार नाही, कडेला येईल. काळ्यावर पांढरं वाचायला बरं वाटतं का तेही बघा. मोतीबिंदू असला तर पांढऱ्या पडद्याचा प्रकाश डोळ्यात विखुरतो आणि अक्षरावर धुकं येतं. तो काढलेला असेल तर फरक कमी पडेल.

आणि मुळात टच. बाण सापडत नाही म्हणून टच, हे मला पटतं. पण टचला कड नसते, बोटाला काही लागत नाही. वय झालं की बोटं कोरडी पडतात आणि काच त्यांना दाद देत नाही. काहींचं बोट थरथरतं, एका टिचकीच्या दोन होतात. आयपॅडमध्ये टच अकोमोडेशन्सच्या खाली होल्ड ड्युरेशन आहे, बोट ठरावीक वेळ टेकवल्यावरच तो स्पर्श मानतो. त्याने पुष्कळ लोकांचा धीर परत आलेला मी पाहिला आहे. पडदा मोठा करायच्या झूमसाठी तीन बोटं दोनदा टेकवणं मात्र या वयात मी सहसा शिकवत नाही.

वाचून दमल्या की ऐकू द्या. स्पीक स्क्रीन चालू करून ठेवलं की दोन बोटं वरून खाली ओढायची, आयपॅड मराठी वाचून दाखवतो. अँड्रॉइडमध्येही मराठी आवाज आहे.

तुमच्या वर्णनावरून माझा कल १३ इंची आयपॅडकडे आहे, पण हव्या तिकडे वळणाऱ्या दांड्याच्या (आर्मच्या) स्टँडवर, टेबलावर आडवा ठेवून नव्हे.

प्रेषक: बफलो ग्रोव्ह

नमस्कार.

ताईंनी फार चांगलं लिहिलं आहे. मी मात्र दुसऱ्या बाजूने सांगतो, कारण माझा आजार वेगळा आहे. मला काचबिंदू आहे. समोरचं दिसतं, कडेचं गेलं. मला २७ इंची पडदा म्हणजे नुसती शोधाशोध. छोटा लॅपटॉप, मध्यम अक्षर, काळं पांढरं स्पष्ट, एवढं असलं की मी दिवसभर काम करतो. टच होता, तो मी डिव्हाइस मॅनेजरमधून बंद करून टाकला. पडद्याजवळ गेलं की हाताचा धक्का लागून भलतंच उघडायचं.

मला तारून नेलं ते कीबोर्डने. एफ आणि जे वर उंचवटे असतातच, मी आणखी चार-पाच कळांवर चिकटणारे ठिपके लावले आहेत. विंडोजची आणि अधिकच्या चिन्हाची कळ एकत्र दाबली की मॅग्निफायर चालू, विंडोज आणि एस्केप दाबलं की बंद. डोळ्यांची गरजच पडत नाही. एनव्हीडीए नावाचा स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरचं वाचून दाखवणारा प्रोग्रॅम, फुकट आहे. ऑस्ट्रेलियातल्या मायकल करन या अंध तरुणाने तो २००६ साली सुरू केला, जेम्स टेह त्यांना येऊन मिळाले, तेही अंध. त्याचा मराठी आवाज कोरडा आहे, पण कान आठवड्यात सरावतो.

दादा, एक विचारतो. आईंनी नोकरी केली आहे का? टायपिंग येत होतं का?

प्रेषक: नेपरव्हिल

काका, तुम्ही विचारलंत आणि आम्ही घरातले एकमेकांकडे बघत राहिलो. आई पुण्यात सरकारी कचेरीत मराठी टंकलेखक होती, निवृत्त होईपर्यंत. यंत्राकडे न बघता टाइप करायची. ती काल म्हणाली, "मला वाचायला पडदा दे, पण लिहायला कळा दे." इतके दिवस आम्ही फक्त तिला काय दाखवायचं याचाच विचार करत होतो, तिला काही लिहायचं असेल हे कोणाच्या डोक्यातच आलं नाही.

प्रेषक: शॉमबर्ग

मग माझा सल्ला बदलला. ज्या हातांना कळा पाठ आहेत त्यांना काचेवर टिचक्या मारायला लावणं मला मान्य नाही.

विंडोजच घ्या, पण ऑल-इन-वन नको. २२ इंचांच्या आसपासचा टच मॉनिटर घ्या, ज्याच्या पाठीला १०० मिलिमीटर अंतराची चार भोकं असतात, म्हणजे तो टेबलाला आवळणाऱ्या आर्मवर बसतो. छोटा डबा-संगणक मागे कुठेही राहू दे. आईंनी पाठ टेकून बसायचं, कीबोर्ड मांडीजवळ, आणि पडदा ओढून १२ इंचांवर. १२ इंचांना साधारण +३.२५ चा चष्मा लागतो, तो करून घ्या. वाचताना बोटाने वर सरकवायचं, लिहिताना कळा. पडद्याचं रिझोल्यूशन फार जास्त नको, साधा १९२० बाय १०८० पुरे. लहान पडद्यावर जितके जास्त ठिपके तितकं सगळं बारीक येतं आणि मग वाढवत बसावं लागतं.

एक विनंती. पडदा नाकासमोर लावू नका. मॅक्युला गेलेल्या माणसाला मधोमध डाग असतो, तो नजर जरा बाजूला टाकून उरलेल्या भागाने वाचतो. आईंचा चांगला भाग कुठल्या बाजूला आहे ते क्लिनिकमध्ये कळेल, पडदा त्याप्रमाणे सरकवा. त्या तुमच्याकडे बघत नाहीत असं वाटतं ना, तेव्हाच त्या तुम्हाला बघत असतात. हे मुलांनाही सांगा.

सेकंडहँड संगणक घेत असाल तर त्यावर विंडोज ११ चालतं का ते विचारा, विंडोज १० चं मायक्रोसॉफ्टकडून मिळणारं अधिकृत समर्थन १४ ऑक्टोबर २०२५ ला संपलं. विकत घ्यायच्या आधी वापरून बघायचं असेल तर इलिनॉय राज्याचा असिस्टिव्ह टेक्नॉलॉजी प्रोग्रॅम काही आठवड्यांसाठी उपकरणं देतो. कॉस्टकोत संगणक आणि मॉनिटर ९० दिवसांत परत घेतात. शिकायला विनेट्काची हॅडली संस्था आहे, १९२० पासूनची, सगळं फुकट आणि घरबसल्या, पण इंग्रजीत. तुम्ही शेजारी बसून मराठीत सांगा. खर्चाचं म्हणाल तर सगळा खिशातूनच. मेडिकेअर, म्हणजे ज्येष्ठांचा सरकारी आरोग्यविमा, असला तरी तो असली साधनं देत नाही.

प्रेषक: बफलो ग्रोव्ह

आईंच्या हाताला टंकयंत्राची जी रचना आहे ती विंडोजमध्ये आपोआप येत नाही. विंडोजमध्ये मराठीच्या कळांच्या इनस्क्रिप्ट आणि फोनेटिक या रचना आहेत. टंकयंत्राची रेमिंग्टन रचना वेगळी बसवावी लागते, युनिकोड, म्हणजे कुठल्याही संगणकावर वाचता येणारी अक्षरं, देणारीच बघून घ्या, जुन्या फॉन्टवाली नको, नाहीतर त्यांची मेल आम्हाला वाचता येणार नाही. मी येऊन बसवून देतो. इनस्क्रिप्ट नव्याने शिकवायच्या भानगडीत पडू नका.

जाता जाता कार्यकारिणीला सांगतो. दिवाळीचं निमंत्रण, नाटकाची तिकिटं, सहलीची वेळ, सगळं चित्र करून पाठवलं जातं. सोनेरी पार्श्वभूमीवर लाल अक्षरं. ते मला मोठं करून वाचता येत नाही आणि माझा स्क्रीन रीडर त्यावर नुसता "ग्राफिक" म्हणतो. या मंडळात माझ्यासारखे बरेच आहेत, बोलत नाहीत. बायकोला किंवा मुलाला विचारून घेतात नाहीतर कार्यक्रमालाच येत नाहीत. चित्र पाठवा, पण खाली तारीख, वेळ, पत्ता साध्या मजकुरात लिहा. दोन मिनिटांचं काम आहे.

प्रेषक: कार्यकारिणी, ऑरोरा

काका, या मेलपासूनच सुरुवात करतो. संक्रांतीचा कार्यक्रम शनिवारी, १७ जानेवारीला, दुपारी ३ वाजता, नेहमीच्या शाळेच्या सभागृहात. प्रवेश मागच्या पार्किंगमधून, पायऱ्या नाहीत. यापुढे प्रत्येक निमंत्रणात हे असेल. सभागृहात पाटी लावतो तीही मोठी, पांढऱ्यावर काळी करतो.

प्रेषक: नेपरव्हिल

मंडळी, क्लिनिकमध्ये जाऊन आलो. आईच्या डाव्या डोळ्याच्या नेत्रपटलाचा वरचा उजवा भाग चांगला आहे. नेत्रपटलावर चित्र उलटं पडतं, म्हणून पडदा थोडा डावीकडे आणि खाली लावायचा आहे. चाचणीचा चष्मा घालून, काळ्यावर पिवळं अक्षर करून, तिने या यादीवरचीच काकांची पहिली मेल वाचली. मध्ये दोनदा थांबली, पण शेवटपर्यंत वाचली आणि म्हणाली, "हा माणूस शुद्ध लिहितो."

मॉनिटर मागवला आहे. टेबलाला लावायचा आर्म मात्र दुकानात मिळाला तो फार कडक आहे, आईला एका हाताने ओढता येत नाही. कोणाकडे गॅस स्प्रिंगचा, हलका सरकणारा, जास्तीचा पडून असेल तर कळवा, मी येऊन घेऊन जाईन. आणि काका, रविवारी सकाळी जमेल का? जेवायलाच या.